सहा दिवसांत पाच सामने: १८९९ च्या सुवानी संघाचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. कॉलेजच्या क्रीडा क्विझसाठी प्रश्न काढताना तुम्हाला १८९९ सालच्या एका अमेरिकन कॉलेज फुटबॉल संघाची नोंद सापडली. टेनेसी राज्यातल्या सुवानी गावच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ'चा हा संघ. बारा सामने, बाराही जिंकले. ३२२ गुण केले, दिले फक्त १०. आणि मधल्या सहा दिवसांत रेल्वेने फिरत पाच सामने खेळले, तेही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता. तुम्ही विचारता, हे खरं मानायचं का? आणि मानलं तर 'आजवरचा सर्वांत बलाढ्य संघ' असं लिहायचं का?

मी अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या मैदानांवर क्रिकेटचा स्कोअरर म्हणून बसलोय. गेली काही वर्षं क्लबांच्या आणि कॉलेजांच्या जुन्या वह्यांवरून त्यांच्या हंगामांचे तक्ते जुळवून देतो. अमेरिकेतल्या जुन्या फुटबॉल हंगामांचा नाद त्यातूनच लागला, कारण खेळ वेगळा असला तरी अडचण तीच असते. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. आकडा खरा आहे का, हा पहिला. तो आकडा नेमका कशाचा आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' असं आहे आणि ते लवकर देता येतं. दुसऱ्यावर जरा बसावं लागेल.

जुना हंगाम हाती आला की मी सामने तारखेनिशी उतरवून काढतो आणि बेरीज करतो. सुवानीची यादी अशी: २१ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जियाविरुद्ध १२-०, दोनच दिवसांनी तिथेच जॉर्जिया टेकविरुद्ध ३२-०, २८ तारखेला घरच्या मैदानावर टेनेसी ४६-०, ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन ५४-०. मग ती सफर. ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सस १२-०, १० ला ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एम १०-०, ११ ला न्यू ऑर्लिन्समध्ये तुलेन २३-०, १३ ला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेट ३४-०, १४ ला मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठ १२-०. परतल्यावर २० तारखेला कंबरलँड ७१-०, ३० ला मँटगॉमेरीत ऑबर्न ११-१० आणि २ डिसेंबरला अटलांटात नॉर्थ कॅरोलायना ५-०. बेरीज करून बघा, ३२२ बरोबर येते. सफरीतल्या पाच सामन्यांचे गुण ९१.

बेरीज जुळली म्हणजे काम संपलं असं नाही. चुकीचे आकडेही बेरजेला जुळतात. म्हणून पुढची चाळणी अशी की त्या काळच्या नियमांनी हा आकडा होऊ तरी शकतो का? १८९९ मध्ये टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की, ५ गुण होते, त्यानंतरची किक साधली तर १ गुण. मैदानातून मारलेल्या गोललाही ५ गुण, आणि प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवलं तर २. हे गुण आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये ठरले होते. म्हणजे ढोबळ मानाने धावफलक पाचाच्या आणि सहाच्या पटींनी चढत जातो. १२ म्हणजे सहा आणि सहा. १० म्हणजे पाच आणि पाच, किक दोन्ही वेळा हुकली किंवा दोन मैदानी गोल झाले. २३ म्हणजे तीन सहा आणि एक पाच. ३४ म्हणजे चार सहा, दोन पाच. ७१ सुद्धा बसतो: अकरा सहा आणि एक पाच. कागदावर पेन्सिलीने सगळे बारा निकाल फोडून पाहिले, एकही अडला नाही. आजच्या नियमांची सवय असलेल्या माणसाला ११-१० किंवा ५-० हे आकडे विचित्र वाटतात, पण त्या वर्षीच्या नियमांत ते अगदी चपखल आहेत. आजच्या काळात बसून कुणी हा हंगाम रचला असता, तर त्यात सात आणि चौदा, म्हणजे आजच्या टचडाऊन आणि किकच्या बेरजा, आले असते.

ही सवय मला कुठून लागली ते सांगतो. एका कॉलेजच्या जुन्या वहीत संघाची धावसंख्या १८७ होती. फलंदाजांच्या धावा १७१, अवांतर १४, म्हणजे १८५. दोन धावा कुठे गेल्या? मंडळींचा निर्णय असा की स्कोअरर चुकला, १८५ छापा. मी गोलंदाजीचा तक्ता चेंडू-चेंडू करून तपासला. एका ओव्हरच्या चौकोनाच्या कडेला, टिंबांपेक्षाही बारीक, पेन्सिलीने 'लेगबाय २' लिहिलेलं सापडलं. अवांतराच्या रकान्यात ते चढवायचं राहिलं होतं. १८७ च बरोबर होते. तेव्हापासून जुन्या स्कोअररला चूक म्हणण्याआधी त्याच्या बाजूने एकदा पूर्ण हिशेब करून बघायचा, हा माझा नेम आहे.

तिसरी चाळणी बाहेरची. सामना एका गावाला झाला की तिथल्या वर्तमानपत्रात हरलेल्या बाजूचीही बातमी येते. इथे पाच शहरांतले, पाच वेगळ्या कॉलेजांविरुद्धचे सामने आहेत आणि हरलेली कॉलेजंसुद्धा आपल्या नोंदींत हेच निकाल दाखवतात. एका कॉलेजने स्वतःची फुशारकी मारायला पाच कॉलेजांच्या वह्या बदलाव्या लागतील. म्हणून मी ठामपणे म्हणतो, की हा हंगाम खरा आहे.

आता आकडा कशाचा आहे ते पाहू.

तेव्हाचं अमेरिकन फुटबॉल आज टीव्हीवर दिसणाऱ्या खेळासारखं नव्हतं. चेंडू पुढे फेकायला परवानगी नव्हती, ती १९०६ मध्ये आली. मैदान ११० यार्डांचं होतं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. आज चार प्रयत्नांत दहा यार्ड असतात. त्यामुळे बहुतेक चाली म्हणजे माणसांची दाटी करून रेटारेटी. चेंडू घेतलेल्याला आपल्याच माणसांनी ढकलायचं, समोरच्यांनी त्याला मातीत दाबायचं. आपल्या गोलजवळ अडकलात तर प्रयत्न वाया न घालवता लांब लाथ मारून चेंडू दूर पाठवणं हीच शहाणी चाल. अशा खेळात शून्यावर रोखणं आजच्याइतकं दुर्मिळ नव्हतं. त्याच वर्षी हार्वर्डनेही संपूर्ण हंगामात फक्त १० गुण दिले. १८८८ मध्ये येलने तेरा सामन्यांत ६९८ गुण करून एकही गुण दिला नाही, आणि १९०१ मध्ये मिशिगनने ५५०-० असा हंगाम केला. म्हणून ३२२-१० हा आकडा पाहून माझे डोळे विस्फारत नाहीत. तो उत्तम आहे, पण त्या काळात त्याच्या जातीचे आकडे इतरही आहेत.

क्रिकेटमध्येही हेच आहे, आणि योगायोग असा की वर्षही तेच. इंग्लंडमध्ये १८९९ च्या मोसमापर्यंत ओव्हर पाच चेंडूंची होती, १९०० पासून सहाची झाली. १९१० पर्यंत तिथे षटकार मिळवायला चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे, नुसती सीमारेषा ओलांडून चालत नसे. त्या काळच्या गोलंदाजाच्या निर्धाव षटकांची किंवा फलंदाजाच्या षटकारांची आजच्या माणसाशी थेट तुलना केली तर दोघांवरही अन्याय होतो.

मग सुवानीचं वेगळेपण कुठे? गुणांच्या रकान्यात ते सापडणार नाही, तारखांच्या रकान्यात आहे. ९, १०, ११, १३, १४. ऑस्टिन, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, बॅटन रूज, मेम्फिस. सगळी फेरी सुमारे २,५०० मैलांची, म्हणजे चार हजार किलोमीटर, रेल्वेने. नकाशा उघडून या पाच गावांवरून बोट फिरवा. दुपारी सामना, रात्री गाडी, सकाळी दुसरं गाव, दुपारी पुन्हा सामना. पाचही ठिकाणी समोरचा संघ त्या दिवसापुरता ताजातवाना.

त्यात सोबत होते एकवीस खेळाडू. अकरा जण मैदानात, आणि तेच अकरा चढाईलाही, बचावालाही. आजच्यासारखे चढाईचे वेगळे आणि बचावाचे वेगळे गट नव्हते. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे. या एका नियमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पाय मुरगळला, नाक फुटलं, तरी माणूस बाहेर जायला तयार होत नाही, कारण बाहेर गेला की त्याचा दिवस संपला. कर्णधार हेन्री सीबल्स, ज्याला सगळे 'डिडी' म्हणत, टेक्ससविरुद्ध डोकं फुटूनही खेळत राहिला. शिरस्त्राणाची सक्ती तेव्हा नव्हती.

लागोपाठ खेळण्याने शरीराचं काय होतं, ते मी स्कोअररच्या टेबलावरून खूप पाहिलंय. एका स्पर्धेत आमच्या भागातला एक चांगला वेगवान गोलंदाज तीन दिवस रोज टाकत होता. तिसऱ्या सकाळी तो माझ्या टेबलाशेजारी बुटाची नाडी बांधायला बसला. खाली वाकता येईना. मग त्याने पाय बाकावर वर घेतला, तोही दोन्ही हातांनी उचलून. आकडे त्या दिवशीही चांगलेच निघाले, १२ षटकांत ३ बळी. पुढच्या वर्षी तो गोलंदाज म्हणून दिसला नाही. वहीत फक्त '१२ षटकं, ३ बळी' एवढंच आहे. म्हणून १४ नोव्हेंबरच्या '१२-०' समोर मी नेहमी जरा थांबतो. ९ तारखेचाही निकाल १२-० आहे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण १४ तारखेच्या आकड्यामागे सहा दिवसांतले आधीचे चार सामने आहेत.

असा वेडा कार्यक्रम आखला कुणी आणि का, हेही क्विझवाल्यांनी जाणून घेण्यासारखं आहे. संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली हा विद्यार्थीच होता, वीस वर्षांचा. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टशी दरवर्षी होणारा सामना त्या वर्षी झाला नाही, कारण तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन्हीकडे बिनसलं. तो सामना म्हणजे वर्षाच्या खर्चाची बेगमी होती. ती गेल्यावर लीने एकाच फेरीत जास्तीत जास्त सामने घेऊन पैसे उभे करायचं ठरवलं. म्हणजे या विक्रमाच्या मुळाशी जमाखर्च आहे, विक्रम करायचा म्हणून कुणी निघालं नव्हतं. आणि हा ली पुढेही शांत बसला नाही. १९०७ मध्ये त्याने नॅशव्हिलमध्ये 'टेनेसियन' हे वर्तमानपत्र काढलं, १९११ ते १९१७ तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, नेदरलँड्समध्ये आश्रयाला गेलेल्या जर्मनीच्या कैसरला, म्हणजे माजी सम्राटाला, पकडून आणायला काही सहकाऱ्यांसह चक्क त्याच्या दारात जाऊन पोहोचला. कैसर काही हाती लागला नाही. पण पाच सामन्यांची ती फेरी कुणाच्या डोक्यातून निघाली असेल, हे यावरून कळतं.

या सफरीच्या दोन गोष्टी तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळतील. एक, खेळाडूंचे बूट सुवानीच्या स्टेशनवरच राहिले आणि मागून दुसऱ्या गाडीने मागवले. दुसरी, परगावचं पाणी बाधू नये म्हणून गावच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत नेलं. या गोष्टी मला मनापासून आवडतात. पण त्या मी निकालांच्या तक्त्यात घेत नाही, वेगळ्या पानावर ठेवतो आणि वर 'सांगतात की' असं लिहितो. निकाल त्याच दिवशी नोंदला जातो, गोष्ट सांगून सांगून घडत जाते. क्विझमध्ये गोष्टीवर गुण ठेवू नका, वाद होतात.

आता 'सर्वांत बलाढ्य' या शब्दाकडे येतो. इथे माझं उत्तर 'अवलंबून आहे' असं आहे, आणि ते कशावर, ते स्पष्ट सांगतो.

ते अवलंबून आहे प्रतिस्पर्ध्यावर. टेक्सस चांगला संघ होता. तुलेन आणि लुइझियाना स्टेट यांचा तो हंगाम मात्र वाईट गेला होता, त्यामुळे २३-० आणि ३४-० यांना मी टेक्ससवरच्या १२-० इतकं वजन देत नाही. व्हँडरबिल्ट हा दक्षिणेतला तगडा शेजारी, त्याच्याशी सामनाच झाला नाही. उत्तरेतल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांच्याशीही नाही. एका कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी 'चौदा सामन्यांत अपराजित' असा हंगाम तपासला होता, तेव्हा त्यातले दोन सामने त्याच कॉलेजच्या दुसऱ्या संघाविरुद्ध निघाले. ते वाक्य त्यांनी तरीही तसंच छापलं, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. सुवानीच्या यादीत असली लबाडी नाही. पण कुणाशी खेळले याबरोबर कुणाशी खेळले नाहीत हेही लिहायला हवं.

ते वेळेवरही अवलंबून आहे. नियमाने तेव्हा ३५ मिनिटांचे दोन डाव, पण दोन्ही बाजूंच्या संमतीने सामना आखूड करण्याची पद्धत सर्रास होती. १९०२ च्या नववर्षदिनी पासाडेनात मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० हरवलं, तेव्हा स्टॅनफर्डच्या विनंतीवरून सामना वेळेच्या आधीच थांबवला होता. आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला पाठ असेल: भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला अवघ्या नऊ धावा कमी असताना काठियावाडने सामना सोडून दिला. ४४३ वर थांबायचं निंबाळकरांनी ठरवलं नव्हतं, समोरच्यांनी ठरवलं. आकड्याच्या शेवटी काय घडलं हे माहीत नसेल तर तो आकडा अर्धाच वाचला जातो.

माझ्यापुरतं विचाराल तर या हंगामात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते शेवटचे दोन सामने. ३० नोव्हेंबरला ऑबर्न, ज्याचा प्रशिक्षक जॉन हाइसमन होता. तोच, ज्याच्या नावाचा चषक आज कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात. त्या संपूर्ण हंगामात सुवानीवर गुण करणारा ऑबर्न हा एकमेव संघ. ११-१० फोडून बघा: एकीकडे सहा आणि पाच, दुसरीकडे पाच आणि पाच. दोघांनी दोन-दोनदा गुण घेतले, फरक साधलेल्या एका किकचा. पंचांच्या कामगिरीवर हाइसमनने नंतर वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली, म्हणजे हा निकाल त्या काळीही सगळ्यांनी निमूट मानला नव्हता. आणि त्यानंतर एकच दिवस मध्ये सोडून, अटलांटात, नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ५-०. सहा आठवड्यांत अकरा सामने अंगावर काढलेल्या संघाने बाराव्यात एकदाच गुण केले आणि ते शेवटपर्यंत राखले. ७१-० मध्ये संघाची ताकद दिसते, ५-० मध्ये त्याचा चिवटपणा. स्कोअरर म्हणून मला दुसऱ्याची किंमत जास्त वाटते.

एक गोष्ट आणखी, तुलना करताना उपयोगी पडेल म्हणून. हेच कॉलेज १९३२ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या कॉलेज संघांच्या गटाच्या संस्थापक सदस्यांत होतं. तिथे ते ३७ सामने खेळले आणि सगळे हरले, आणि १९४० मध्ये बाहेर पडले. आज ते खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात. मधल्या काळात मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे पैसा गेला, विद्यार्थी वाढले, मोठी स्टेडियमं आली, आणि पठारावरचं ते छोटं कॉलेज होतं तेवढंच राहिलं. एकवीस मुलं, एक प्रशिक्षक आणि एक विद्यार्थी व्यवस्थापक एवढ्या बळावर देशाच्या एका भागात अजिंक्य राहणं ज्या काळात शक्य होतं, त्या काळातला हा हंगाम आहे. त्या काळाबाहेर काढून त्याला आजच्या संघासमोर उभं करू नका.

तेव्हा 'आजवरचा सर्वांत बलाढ्य संघ कोणता' असा प्रश्न क्विझमध्ये घालू नका, त्याचं उत्तर सिद्ध करता येणार नाही. त्याऐवजी असं विचारा: '१८९९ मध्ये सुवानीच्या कॉलेज संघाने ९, १०, ११, १३ आणि १४ नोव्हेंबरला पाच शहरांत पाच सामने जिंकले. मग १२ तारखेला सामना का नव्हता?' पोरं गाडी चुकली म्हणतील, पाऊस म्हणतील, कुणीतरी दुखापती म्हणेल. उत्तर दिनदर्शिकेत आहे. कॉलेज एपिस्कोपल चर्चचं होतं, आणि १२ नोव्हेंबर १८९९ ला रविवार होता.